पैसे भरून ऑनलाइन फुटबॉल बघायचंय? आधी सामने ठरवा, मग ॲप

नव्याने ऑनलाइन फुटबॉल बघू लागलेली माणसं बहुतेक वेळा एकाच जागी अडकतात. कुणीतरी सुचवलेलं ॲप घेतात, वर्षाचे पैसे एकदम भरतात, दोन शनिवार मजेत जातात आणि मग मंगळवारी कळतं की चॅम्पियन्स लीग या ॲपवर नाहीच. किंवा आहे, पण सामना संपल्यावरच्या क्षणचित्रांपुरती. ॲपने फसवलेलं नसतं, त्यावर काय दिसेल हे कुठेतरी लिहिलेलं असतंच. आपणच आधी पैसे भरले आणि काय बघायचंय याचा विचार नंतर केला, एवढंच झालेलं असतं.

मुळात ‘फुटबॉल’ असं कुणी विकत नाही. विकले जातात ते एका स्पर्धेचे, एका देशापुरते, ठरावीक हंगामांसाठीचे प्रक्षेपण हक्क. स्पर्धा, देश आणि मुदत ही तीन बंधनं जवळजवळ प्रत्येक थेट सामन्यावर असतात. एखादा सामना इथे का दिसतो आणि तिथे का नाही, याचं उत्तर दर वेळी या तिघांपैकी एकात सापडतं. म्हणून खरेदीची सुरुवातही तिथूनच करायची.

१. आपले सामने कुठल्या स्पर्धांतले, ते लिहून काढा

समजा, तुमचा जीव इंग्लंडमधल्या एखाद्या मोठ्या क्लबवर आहे. त्या क्लबचा हंगाम चार स्पर्धांत वाटलेला असतो. प्रीमियर लीगचे ३८ सामने हा त्याचा कणा. त्याशिवाय एफए कप, जो इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन भरवते, आणि लीग कप, जो इंग्लिश फुटबॉल लीग भरवते. क्लब युरोपात पात्र ठरला असेल तर यूएफाची, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाची, चॅम्पियन्स लीगसारखी स्पर्धा आली. चॅम्पियन्स लीगच्या २०२४-२५ पासूनच्या रचनेत ३६ संघ असतात आणि पहिल्या टप्प्यातच प्रत्येक संघ ८ सामने खेळतो. चार स्पर्धांचे मालक चार, म्हणून हक्कांची विक्रीही चार वेळा, वेगवेगळी होते. चारही एकाच सेवेकडे येणं हा योगायोग समजायचा. स्पेनमध्येही ला लीगा वेगळी आणि राष्ट्रीय महासंघाची कोपा देल रे वेगळी. राष्ट्रीय संघांचं गणित आणखी निराळं: विश्वचषक फिफाचा, युरो आणि नेशन्स लीग यूएफाची. एकट्या विश्वचषकात २०२६ पासून ४८ संघ आणि १०४ सामने आहेत.

तेव्हा स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, मी नक्की काय बघणार आहे? एका क्लबचा प्रत्येक सामना, की आठवड्याला एखादा चांगला सामना, की फक्त दर दोन-चार वर्षांनी येणारी मोठी स्पर्धा? तिसऱ्या गटातल्या माणसाने वर्षाचं सबस्क्रिप्शन घेण्यात काहीच अर्थ नाही, त्याला एखाद-दोन महिने पुरतात. दुसऱ्या गटातल्याला एक लीग पुरते. पहिल्या गटातल्या चाहत्यालाही मी पहिल्या वर्षी एवढंच सांगेन: फक्त लीग घ्या. हंगामातले सर्वाधिक सामने तिथेच असतात. कपच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत तर आपल्या संघाचा सामना थेट दाखवतील याचीही खात्री नसते. युरोपातले सामने कितपत चुकल्यासारखे वाटतात ते बघून दुसरी सेवा जोडता येते.

शोधताना एक काळजी घ्या. अमेरिकेतल्या जाहिरातींत आणि ॲप स्टोअरमध्ये फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो खेळ. त्याची ‘गेम पास’ नावाची आंतरराष्ट्रीय सेवा २०२३ पासून डॅझन (DAZN) या खेळ दाखवणाऱ्या ॲपवर मिळते, आणि डॅझन काही देशांत आपला फुटबॉलही दाखवतं. पैसे भरण्याआधी पॅकेजच्या नावाखालचं स्पर्धेचं नाव वाचा.

२. आपल्या देशात हक्क कुणाकडे आहेत ते मुळातून तपासा

यासाठी सर्वांत भरवशाची जागा म्हणजे त्या लीगचं स्वतःचं अधिकृत संकेतस्थळ. मोठ्या लीग आणि यूएफा देशानुसार प्रक्षेपकांची यादी देतात. मित्राने सांगितलेलं, जुन्या लेखात वाचलेलं किंवा व्हिडिओत ऐकलेलं यावर जाऊ नका, कारण ती माहिती त्या वेळी खरी असली तरी आज असेलच असं नाही. यूएफाच्या क्लब स्पर्धांचे हक्क काही हंगामांच्या फेऱ्यांत विकले जातात, २०२४ ते २०२७ ची फेरी तीन हंगामांची. प्रीमियर लीगचा ब्रिटनमधला करार २०२५ ते २०२९ असा चार हंगामांचा आहे. फेरी संपली की उन्हाळ्यातल्या सुट्टीत हक्क एका सेवेकडून दुसरीकडे जातात आणि ऑगस्टमध्ये नवं ॲप शोधण्याची वेळ येते. करार कुठल्या हंगामानंतर संपतो हे माहीत असेल तर निदान त्या वर्षी आपण सावध असतो.

देश बदलला की सामन्यांची संख्याही बदलते, आणि इथे एक गंमत नव्या माणसाला चक्रावून टाकते. प्रीमियर लीगच्या हंगामात एकूण ३८० सामने होतात. ते सगळे थेट दाखवणाऱ्या सेवा इंग्लंडबाहेर अनेक देशांत आहेत, पण खुद्द ब्रिटनमध्ये घरी बसून ते सगळे बघता येत नाहीत. कारण शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत तिथे फुटबॉलचं थेट प्रक्षेपण बंद असतं. १९६० च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी या बंदीचा आग्रह धरला. टीव्हीवर मोठा सामना दिसला तर लोक आपल्या गावच्या छोट्या क्लबच्या मैदानावर जाणार नाहीत, ही त्यामागची भीती. नियम आजही टिकून आहे. २०२५-२६ पासूनच्या करारात ब्रिटनमधल्या प्रेक्षकांना किमान २६७ सामने मिळतात. आधीपेक्षा बरेच जास्त, तरी ३८० नाहीत. म्हणून दुसऱ्या देशातल्या नातेवाइकाचा ‘हे ॲप घे, सगळं दिसतं’ हा सल्ला त्याच्यापुरता खरा असतो.

काही लीगनी देशागणिक हक्क विकण्याऐवजी वेगळे मार्गही धरलेत. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरने २०२३ पासून जवळजवळ सगळ्या जगासाठी एकाच सेवेशी, म्हणजे ॲपल टीव्हीशी करार केला. फ्रान्सच्या लीगने ऑगस्ट २०२५ मध्ये देशातल्या प्रेक्षकांसाठी ‘लीग १ प्लस’ ही स्वतःची सेवा सुरू केली. इंग्लंडच्या खालच्या विभागांतल्या क्लबांसाठी २०१७ मध्ये ‘आयफॉलो’ ही ऑनलाइन सेवा आली. मोठ्या लीगच्या बाहेरचा एखादा क्लब तुम्हाला आवडत असेल, तर आधी त्या क्लबचं संकेतस्थळ बघा. एका सामन्यापुरता पास किंवा निदान ध्वनिवर्णन तिथे मिळू शकतं.

प्रवासात काय होईल हेही याच टप्प्यावर वाचून ठेवा. युरोपीय संघात १ एप्रिल २०१८ पासून नियमच आहे: आपल्या देशात पैसे भरून घेतलेली ऑनलाइन सेवा संघातल्या दुसऱ्या देशात तात्पुरतं गेल्यावरही चालली पाहिजे. इतर ठिकाणी तशी हमी नसते आणि सीमा ओलांडताच ॲप ‘या भागात उपलब्ध नाही’ असं म्हणू शकतं. व्हीपीएन वापरून देश बदलून दाखवण्याचा सल्ला खूप जण देतात. मी तो देणार नाही. बहुतेक सेवांच्या अटींत त्याला मनाई असते, अनेक सेवा व्हीपीएनचे पत्ते ओळखून अडवतात, आणि ऐन सामन्यात खातं अडलं तर दाद मागायला जागा उरत नाही.

३. महिना, वर्ष की एकच सामना?

युरोपातल्या बहुतेक मोठ्या लीग ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि मेअखेर संपतात. म्हणजे वर्षाच्या सबस्क्रिप्शनचा हिशेब करताना रकमेला १२ ने नाही, १० ने भागा. जून-जुलैमध्ये त्या लीगमध्ये बघायला काही नसतं. त्यातही शरद ऋतूत आणि मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी क्लबांची लीग थांबते. नॉर्वे आणि स्वीडनच्या लीग मात्र उलट्या, वसंतापासून शरदापर्यंत चालतात. तुमची लीग कुठल्या महिन्यांत खेळते ते आधी बघा आणि मगच ‘वार्षिक योजनेत मोठी बचत’ या ओळीकडे वळा.

पहिल्यांदा घेताना महिन्याचीच योजना घ्या, थोडी महाग पडली तरी. त्या महिन्यात आपल्या टीव्हीवर चित्र कसं येतं, समालोचन कुठल्या भाषेत आहे, सामन्यांच्या वेळा आपल्या झोपेला झेपतात का, हे सगळं कळतं. शिवाय सेवा टिकेलच असंही नसतं. फ्रान्समध्ये मीडियाप्रो कंपनीने लीगचे हक्क घेऊन ऑगस्ट २०२० मध्ये ‘टेलेफूट’ वाहिनी सुरू केली, लीगचे हप्ते थकले, डिसेंबरमध्ये करार मोडला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, वाहिनी बंद झाली. सेवा नवी असेल तेव्हा तर वर्षाचे पैसे आगाऊ भरायची घाई करूच नका.

योजनेचं पान वाचताना काही गोष्टी नजरेतून सुटू देऊ नका. सामना ‘थेट’ आहे की काही तासांनी दाखवणार? एका वेळी किती उपकरणांवर चालतो? घरात दोघं वेगवेगळे सामने बघणारे असतील तर हा प्रश्न पहिल्याच रविवारी उभा राहतो. पूर्ण सामना नंतर बघता येतो का, आणि किती दिवस? दिसतेय ती किंमत कायमची आहे की पहिल्या काही महिन्यांची? मध्येच बंद केलं तर उरलेले पैसे परत मिळतात की मुदत संपेपर्यंत सेवा चालू राहते? मोबाइल किंवा ब्रॉडबँड कंपनीच्या योजनेत हीच सेवा जोडून मिळते का, हेही तपासा. पुष्कळदा स्वतंत्र घेण्यापेक्षा ती तिथे स्वस्त पडते. मात्र जोडयोजनेत कधी कधी फक्त मोबाइलवर बघायची परवानगी असते.

अधिकृतपणे फुकट मिळणारंही बरंच असतं, ते आधी बघा. फिफाची ‘फिफा प्लस’ सेवा एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाली. २०२५ च्या क्लब विश्वचषकाचे सगळे ६३ सामने डॅझनने फुकट दाखवले. महिलांच्या चॅम्पियन्स लीगचे २०२१ पासूनचे दोन हंगाम यूट्यूबवर बहुतेक देशांत सर्वांसाठी खुले होते. महिला फुटबॉल बघायला सुरुवात करायची असेल तर खर्च खूपच कमी येऊ शकतो, आणि खेळ पैसे देऊन बघावा इतका सुंदर आहे.

४. उपकरण आणि इंटरनेट

इथे थोडा वेळ घालवा, कारण चित्रपट छान दिसतो म्हणजे सामनाही छान दिसेल असं नसतं. चित्रपट आधीच सर्व्हरवर तयार असतो, त्यामुळे ॲप पुढची काही मिनिटं आधीच ओढून ठेवू शकतं. थेट सामन्यात पुढचं असं काही नसतंच. जाळं काही सेकंद मंदावलं की चित्र लगेच गढूळ होतं किंवा थांबतं.

१०८० रेषांच्या चित्रासाठी स्थिर ८ एमबीपीएस वेग मिळत असेल तर सहसा अडचण येत नाही. फोर-के साठी २५ धरून चला. ‘स्थिर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वेग मोजायचा तो सामन्याच्या वेळी, ज्या खोलीत टीव्ही आहे तिथेच, आणि घरातली बाकीची माणसं नेट वापरत असताना. पहाटे राउटरशेजारी उभं राहून आलेला आकडा उपयोगाचा नाही. टीव्हीला लॅन केबल लावता येत असेल तर लावाच, एवढ्या कमी खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. केबल शक्य नसेल तर वायफायच्या २.४ ऐवजी ५ गीगाहर्ट्झ पट्ट्यावर जोडा, फक्त मध्ये भिंती कमी हव्यात.

मोबाइल डेटावर बघणार असाल तर हिशेब सोपा आहे. ५ एमबीपीएसने दोन तास म्हणजे साधारण साडेचार जीबी, ८ ने सात जीबीच्या वर. ९० मिनिटांचा खेळ, १५ मिनिटांचं मध्यंतर आणि भरपाईचा वेळ धरून सामना दोन तासांच्या आसपास जातो. बाद फेरीत ३० मिनिटांचा जादा वेळ आणि पेनल्टी आल्या तर तो तीन तासांकडे सरकतो. डेटा नेमका पेनल्टीच्या वेळी संपू नये म्हणून तेवढी तजवीज ठेवा.

आता चित्र. फुटबॉलसाठी रेषांच्या संख्येइतकीच सेकंदाला किती चौकटी (फ्रेम) येतात ही गोष्ट महत्त्वाची आहे. सेकंदाला २५ चौकटी असतील तर लांब मारलेला चेंडू उड्या मारत गेल्यासारखा दिसतो. ५० किंवा ६० असतील तर तो डोळ्याला सलग दिसतो. निवड करायचीच असेल तर मी १०८० रेषा आणि २५ चौकटींपेक्षा ७२० रेषा आणि ५० चौकटी घेईन. नेट डळमळीत असताना ॲप दर्जा सतत वरखाली करत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन ७२० वर स्थिर करा. एकसारखं बरं चित्र हे मधूनच उत्तम आणि मधूनच धूसर चित्रापेक्षा डोळ्यांना सुखाचं असतं. सामना उघडल्यावर पहिली काही सेकंदं चित्र अस्पष्ट दिसणं मात्र सामान्य आहे, तिथे काही बिघडलेलं नसतं.

महाग योजना घेऊनही चित्र साधंच दिसतंय अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. त्याचं कारण अनेकदा उपकरणात असतं. अँड्रॉइड फोन, टॅब आणि टीव्ही बॉक्समध्ये वाइडवाइन नावाची संरक्षण प्रणाली असते. तिची एल१ पातळी असली तरच बऱ्याच सेवा एचडी चित्र पाठवतात, एल३ असली तर ४८० रेषांच्या आसपास अडवतात. अनोळखी कंपनीचा स्वस्त टीव्ही बॉक्स घेण्याआधी ही पातळी विचारा. तसंच लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडल्यावर आवाज येतो पण पडदा काळा, असं झालं तर मध्ये लावलेला जुना स्प्लिटर किंवा ॲडॉप्टर काढून बघा. नकलेपासून बचाव करणारी एचडीसीपी व्यवस्था त्या साखळीतला एखादा दुवा जुना असला की चित्र रोखते. फोनची स्क्रीन मिरर करतानाही अशीच काळी पाटी दिसते. तिथे मिररिंग बंद करून ॲपमधलं कास्टचं बटण वापरा, म्हणजे टीव्ही सामना थेट सर्व्हरकडून घेतो आणि फोन फक्त रिमोटसारखा राहतो.

५. पैसे भरा, पण सामन्याच्या दिवशी नाही

खातं दोन-तीन दिवस आधी उघडा. ॲप फक्त अधिकृत स्टोअरमधून किंवा सेवेच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावरून घ्या. कुठून पैसे भरताय हे लक्षात ठेवा, कारण पुढे बंद करायचं तेही तिथूनच. टीव्हीवर लॉग-इन करून एखादा वेगळा थेट सामना किंवा कार्यक्रम दहा मिनिटं चालवून बघा. जुना टीव्ही ॲपला चालत नाही, पासवर्ड विसरलाय, उपकरणांची मर्यादा भरलीय, बँकेचा पडताळणी संदेश येत नाही, या सगळ्या अडचणी मग निवांत सोडवता येतात. सामना सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी पैसे भरायला बसलेल्या माणसाचा पहिला गोल हमखास हुकतो.

६. सामन्याचा दिवस

वेळ तपासा, आदल्या दिवशी पुन्हा तपासा. प्रीमियर लीगचं वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होतं तेव्हा बहुतेक सामने शनिवारी दुपारी तीनला मांडलेले असतात. नंतर टीव्हीसाठी निवडलेले सामने शुक्रवार, रविवार, सोमवारकडे सरकतात. त्यात युरोपातली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात. अमेरिकेत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. तुम्ही राहता तिथे घड्याळ बदलत नसेल, तर त्या दिवसापासून सामना आधीपेक्षा तासभर अलीकडे किंवा पलीकडे येतो. क्लबच्या किंवा लीगच्या ॲपमधलं वेळापत्रक आपल्या फोनच्या कॅलेंडरला जोडून टाका, बदल आपोआप येत राहतात.

आता ‘थेट’ म्हणजे किती थेट ते समजून घ्या. इंटरनेटवर व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या आणि आज सर्वत्र चालणाऱ्या एचएलएस पद्धतीत तुकडा ६ सेकंदांचा ठेवावा अशी शिफारस आहे, आणि प्लेअर साधारण तीन तुकडे हाती आल्यावर चित्र सुरू करतो. म्हणजे १८ सेकंद तिथेच गेली. मैदानावरून चित्र उचलणं, ते दाबून लहान करणं, सर्व्हरवरून आपल्यापर्यंत पोचवणं यात आणखी वेळ जातो. त्यामुळे मैदानापेक्षा अर्धा मिनिट मागे असणं काही विशेष नाही. हा उशीर कमी करणाऱ्या पद्धती आता आल्यात, पण सगळ्या सेवा त्या वापरत नाहीत.

याचा परिणाम तुम्हाला पहिल्याच सामन्यात दिसेल: गोलची सूचना फोनवर आधी येते, चेंडू जाळ्यात नंतर जातो. सामना सुरू होण्याआधी स्कोअरच्या ॲपच्या सूचना बंद करा, चाहत्यांचे ग्रुप म्यूट करा. मध्ये थांबवून परत सुरू केलंत तर ‘लाइव्ह’ बटण दाबायला विसरू नका, नाहीतर सामना संपेपर्यंत तेवढे मागेच राहाल. दूरच्या मित्राबरोबर फोनवर बोलत सामना बघायचा असेल तर स्क्रीनवरचं सामन्याचं घड्याळ एकमेकांना वाचून दाखवा आणि जो पुढे असेल त्याने क्षणभर थांबवावं. मग दोघं एकाच वेळी ओरडता. हे एकदा करून बघाच.

सामना उशिरा बघणार असाल तर ॲपमध्ये ‘स्कोअर लपवा’ अशी सोय आहे का ते शोधा. नसेल तर ॲपच्या पहिल्या पानावर जाऊच नका, तिथल्या चित्रात निकाल दिसतो. सामन्याचा दुवा आधीच जतन करून ठेवा.

चित्र अडकलं तर आधी दोष कुणाचा ते ठरवा. त्याच टीव्हीवर दुसऱ्या ॲपमधला व्हिडिओ लावा. तोही अडकत असेल तर दोष आपल्या जाळ्याचा: राउटर बंद करून सुरू करा, इतर उपकरणं थांबवा, दर्जा एक पायरी खाली आणा. दुसरा व्हिडिओ सुरळीत चालत असेल तर दोष बहुधा सेवेचा, आणि राउटरशी झटापट करून काही मिळणार नाही. मोठ्या सामन्याला लाखो लोक एकाच मिनिटाला आत येतात आणि नामांकित सेवाही कोलमडतात. २०१८ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियातल्या ऑप्टसचं स्ट्रीमिंग सुरुवातीच्या दिवसांतच इतकं बिघडलं की सामने एसबीएस या सार्वजनिक वाहिनीवर दाखवावे लागले. म्हणून महत्त्वाच्या सामन्याला १५ मिनिटं आधीच आत जाऊन बसा. अंतिम सामना असेल तर तो अधिकृतपणे आणखी कुठे दिसतोय, एखादी खुली वाहिनी किंवा रेडिओ, हेही माहीत करून ठेवा. अडलेल्या सामन्याचा वेळ आणि स्क्रीनचं छायाचित्र ठेवलंत तर पैसे परत मागताना उपयोगी पडतं.

दोन दिवस मात्र वेगळी तयारी मागतात. प्रीमियर लीगच्या शेवटच्या दिवशी सगळे १० सामने एकाच वेळी सुरू होतात, आणि चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्याच्या शेवटच्या फेरीत तर १८. त्या दिवशी तुमच्या सेवेत एकापेक्षा जास्त सामने एका पडद्यावर दाखवणारी सोय किंवा सगळीकडचे गोल फिरवून दाखवणारा कार्यक्रम असेल तर तोच लावा. असा तणाव एका सामन्यात कधीच मिळत नाही.

आणि एक: घरासाठी घेतलेली सेवा घरासाठीच असते. हॉटेल, क्लब किंवा सभागृहात लोकांना दाखवायची तर वेगळा परवाना लागतो. पोर्ट्समथमधल्या पबचालक कॅरन मर्फी यांनी ग्रीक डीकोडर कार्ड वापरून सामने दाखवले, तो खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. २०११ च्या निकालाने परदेशी कार्ड विकत घेण्यावरची बंदी चुकीची ठरवली. पण त्याच निकालात हेही म्हटलं की प्रक्षेपणातलं संगीत आणि ग्राफिक्स यांना स्वामित्वहक्क आहे, आणि ते पबमध्ये दाखवायला परवानगी हवी.

७. बनावट दुवे

मोठ्या सामन्याच्या तासाभर आधी समाजमाध्यमांवर ‘एचडी लाइव्ह, मोफत’ अशा दुव्यांचा पूर येतो. दुवा उघडला की एकतर ‘प्लेअर अपडेट करा’ म्हणून फाइल उतरवायला सांगतात, किंवा ‘पैसे लागणार नाहीत, फक्त पडताळणीसाठी कार्ड नोंदवा’ असं म्हणतात, किंवा ब्राउझरच्या सूचनांना परवानगी मागतात. तिन्ही ठिकाणी मागे फिरा. जगातल्या सगळ्या लीग एका वर्षासाठी नाममात्र रकमेत देतो म्हणणारे विक्रेतेही याच जातीचे. पहिल्या दोन पायऱ्या वाचल्यावर तुम्हाला कळलंच असेल की सगळ्या स्पर्धांचे हक्क एका ठिकाणी असूच शकत नाहीत. असले प्रवाह तोडण्याची यंत्रणाही आता वेगवान झालीय. इटलीत २०२४ पासून ‘पायरसी शील्ड’ नावाच्या व्यवस्थेखाली तक्रार आल्यावर ३० मिनिटांच्या आत दुवा अडवावा लागतो, म्हणजे सामना चालू असतानाच.

पैशाची ही बाजूही बघा. प्रीमियर लीगला देशांतर्गत प्रक्षेपणातून जे मिळतं त्यातला अर्धा भाग २० क्लबांना समान वाटला जातो. नुकताच वर आलेला छोटा क्लब मोठ्यांसमोर उभा राहतो तो या वाट्याच्या बळावर. आपण भरलेलं सबस्क्रिप्शन अशा मार्गाने मैदानापर्यंत पोचतं, आणि मला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं.

८. बंद करणं

जवळजवळ सगळ्या योजना आपोआप पुढे चालू राहतात. ॲप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं होत नाही, पैसे कापले जातच राहतात. ॲपल किंवा गुगलच्या स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन बंद करा. ॲपलच्या बाबतीत नूतनीकरणाच्या किमान २४ तास आधी. मोबाइल कंपनीमार्फत घेतलं असेल तर त्यांच्याकडे, थेट घेतलं असेल तर सेवेच्या संकेतस्थळावर. माझ्या मते सर्वांत चांगली सवय म्हणजे घेतल्या दिवशीच ऑटो-रिन्यू बंद करणं. बहुतेक सेवा भरलेली मुदत संपेपर्यंत चालू राहतात आणि पुढचा महिना हवाय की नको हे आपण ठरवतो. मोफत चाचणी असेल तर मात्र आधी अट वाचा, काही ठिकाणी बंद करताच चाचणीही तिथल्या तिथे संपते.

मेमधला शेवटचा सामना झाला की आठवड्याभरात हे काम उरका. बंद केल्याचा ईमेल जपून ठेवा आणि पुढच्या महिन्याच्या खात्याच्या उताऱ्यात त्या सेवेचं नाव नाही ना, ते एकदा बघा.